पाव फेरा

एकाहत्तर साली तांबं परवडेना.
कागदाच्या मिलमधून सुटलो की संध्याकाळी
मीच ओढली ही तार, भिंती उघड्या असताना,
पांढुरकी, हलकी, बोटांनी वळणारी.
इर्या शिडी धरून उभी असायची.
म्हणाली, टाउनो, ही तार फारच ऐकते रे.
मला ते कौतुक वाटलं.

फार ऐकणाऱ्यांचं पुढे काय होतं
ते कळायला बरेच हिवाळे जावे लागतात.
थंडर बेला उणे पस्तीस म्हणजे
आत हीटर, केटल, इस्त्री, सगळं एकदम.
तार तापते, फुगते. निवते, आकसते.
दर खेपेला स्क्रूखालून केसभर सरकते
आणि परत जागेवर येत नाही.

ऑक्टोबरात विमा कंपनीचं पत्र आलं.
तपासणी करून घ्या, नाहीतर.
'नाहीतर'च्या पुढे फक्त तारीख.

रात्रीचं जेवण झालं की मी घरभर फिरतो,
स्विचच्या पाटीवर तळहात टेकवत,
पोराला ताप आहे का बघावं तसा.
जिन्याजवळची पाटी कोमट लागते.
असेल, माझाच हात.
झोपताना टोस्टरची पिन काढतो, रेडिओचीही.
स्वयंपाकघरातला दिवा मधेच डोळा मिचकावतो;
इर्या गेल्यापासून मी त्याला उत्तर देतो.
मार्केट्टा कॅलगरीहून फोनवर म्हणते,
बाबा, विका ते घर. दिव्याशी बोलता,
आटे ढिले झालेत तुमचे.
माझे नाहीत गं. भिंतीतले.

इलेक्ट्रिशियन आली, ट्रिना बुशी,
असेल सत्तावीस-अठ्ठावीसची.
बूट दारात काढले. एका मोज्याला भोक.
दोन-चार खोकी उघडली, टॉर्च दातात धरला,
मग टॉर्च काढून म्हणाली,
हे घट्ट कोण करत होतं?
कोणी नाही, म्हटलं.
नाही, कोणीतरी करत होतं. खाचा बघा, झिजल्यात.

मेन पॅनलचं आतलं झाकण काढलं
तर मागे चिकटवलेला कॉफीच्या डब्याचा पुठ्ठा,
बारीक पेन्सिल, फिनिश अक्षरं.
सुरुवात एकोणऐंशीपासून,
लाह्तींचं स्वयंपाकघर जळालं त्या सालापासून.
नोव्हेंबर: ओटा, पाव फेरा.
नोव्हेंबर: मार्केट्टाची खोली, पाव फेरा.
नोव्हेंबर, नोव्हेंबर.
माझी रात्रपाळी असायची त्या महिन्यात.
सकाळी घरी यावं तर ओव्हनचं घड्याळ
बारा-बारा लुकलुकत बसलेलं,
आणि मी वीज कंपनीच्या आईबापाचा उद्धार करायचो.
ती समोर अंडी तळत असायची.
म्हणायची, हो ना, काय ही माणसं.

तार मी ओढली होती.
तिला माझ्या कामाला नाव ठेवायचं नव्हतं, एवढंच.

शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीची, अक्षर वाकडं:
जिना. जोर पुरला नाही.

ट्रिना म्हणाली, खरं तर असं करू नये.
पुन्हा पुन्हा आवळलं की तार चेपते,
चेपली की तुटते. चूकच आहे हे.
मग बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिली.
पण कुठे जळालं नाही, म्हणाली.

दोन दिवस काम चाललं.
प्रत्येक खोक्यात तांब्याचं बोटभर शेपूट,
जांभळी टोपी, टोपीत करडं मलम.
जिन्याचं शेवटी.
तिथलं आवरण करपून तपकिरी झालं होतं,
चहा सांडून वाळावा तसं.
कापलेला तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला.
मी वाकवला. वाकला.
सरळ केला. झाला.
पुन्हा वाकवला आणि आवाज न करता
त्याचे दोन झाले.

बिल दिलं. तिने बूट घातले,
तळ्यावरून वारा येत होता, दार जोरात आपटलं.
ओव्हनचं घड्याळ बारा लुकलुकतंय.
गुरुवारपासून.
वेळ लावता येते मला.